गवताचा भारा आणि धबधबा

ऑफिसातला एक जण परवा मला म्हणाला, "लळिंगला जायचं तर खुशाल जा. फक्त ३१ जुलै टाळ. त्या दिवशी 'ती' गर्दी असते."

माझं आडनाव त्याच्या लक्षात नसावं. मी म्हटलं, "त्या गर्दीतलाच मी एक." गडी चहाच्या कपात तोंड घालून बसला.

धुळ्याहून आग्रा रोडने दहाएक किलोमीटर गेलं की लळिंग. डोक्यावर फारुकी सुलतानांच्या काळातला किल्ला, खाली वनखात्याचं कुरण, कुरणात लांडोर बंगला. पाऊस बरा झाला की इथला धबधबा वाहायला लागतो. १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा ते या बंगल्यावर थांबले होते. तारीख ३१ जुलै. म्हणून दरवर्षी त्या दिवशी खेड्यापाड्यांतून आपली माणसं इथं येतात. फडक्यात भाकरी, हातात निळा झेंडा, कडेवर पोर.

धबधबा तोच, पायवाट तीच. रविवारी गाडीवाले आले की ती पिकनिक, ते निसर्गप्रेम. आम्ही आलो की गर्दी. हा हिशोब कुणी मांडला?

मित्रांनो, आपल्यातलेही काही जण म्हणतात, पोटाचे प्रश्न सुटले नाहीत आणि हे धबधबे कसले बघता? मला हे पटत नाही. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते काय फक्त घशाला कोरड पडली म्हणून? पाण्यावरचा हक्क म्हणजे ते पिण्याचा हक्क, तसाच त्याच्या काठावर काही न करता निवांत बसण्याचाही. ज्याच्या बापजाद्यांना बिनकामाचं बसायलाच मिळालं नाही, त्याने बसणं हीसुद्धा लढाईच आहे.

आणि हे डोंगर काय आपल्याला परके आहेत? चाळीसगावहून पाटणादेवीला जा, तिथून रान तुडवत पितळखोऱ्याला जा. पावसाळ्यात तिथल्या घळीतही पाणी कोसळतं, आणि शेजारी बुद्धाची लेणी, दोन हजार वर्षांवरची. तिथे सापडलेल्या यक्षाच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे. कान्हदास, धंद्याने सोनार. आज ती मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. राजाचं नाही, हाताने काम करणाऱ्याचं नाव! अन् आपली पोरं खडूने, खिळ्याने दगडावर काय लिहितात? स्वतःचं आणि पोरीचं नाव, मधे बदाम. कान्हदासाने आधी मूर्ती घडवली, मग नाव कोरलं. आपण काय घडवलं?

बोलायचंच तर सगळं बोलू. गेल्या वर्षी वस्तीतले आम्ही अकरा जण लळिंगला गेलो. झेंडा होता, घोषणा होत्या, भिजणं होतं. दोघांनी बाटल्या आणल्या होत्या, त्या तिथंच फोडल्या. ज्या रानात बाबासाहेब थांबले, त्या रानात काचा. मी बघत राहिलो, बोललो नाही. मीही तेवढाच दोषी.

आणि अकरांत एकही बाई नव्हती. आमच्या फडक्यातल्या भाकरी पहाटे चारला उठून बहिणीने थापल्या होत्या. तिला चल म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. रात्री घरी आलो, आईला म्हटलं, पुढच्या वर्षी तू चल. ती हसली. "तठे काय शे देखाले? मन्हा जनम गया गवत कापामा."

खरंच, तिने उभा पावसाळा डोंगरातच काढला होता. डोक्यावर भारा, नजर पायाखाली. भारा असला की मान वर करता येत नाही. धबधबा शेजारी होता, तिने तो नुसता ऐकला.

'ती' गर्दी म्हणणाऱ्याला मी जाब विचारला. पण घरातल्या बाईला मोजत नाही, त्या मला कोण विचारणार?

यंदा ३१ जुलैला आई पुढे, बहीण पुढे, आम्ही मागे. भाकरी आम्ही थापू. वेड्यावाकड्या होतील, होऊ देत. आणि काचा आधी उचलू, मग घोषणा देऊ.