विश्लेषण : जुन्या गाडीला नवा पत्रा, दुरुस्ती की बदल?

कुरुळी-चाकण पट्ट्यात पत्रा कापणारे, जोडणारे कुशल हात भरपूर. ‘प्रीमियर’ने कुर्ल्यात बनवलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या फियाट ११००चा सडलेला तळ बदलणे त्यांना अवघड नाही. अडचण नियमाची आहे.

नियम काय सांगतो?
२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत.

पत्रा का बदलावा लागतो?
या फियाटला वेगळी चासी नाही. बॉडीच भार पेलते. गंजावर लांबी भरून रंग मारला, तरी आतून पत्रा सडतच राहतो. त्यामुळे चांगला पत्रा लागेपर्यंत कापून, तेवढ्याच जाडीचा तुकडा अंतराअंतराने टाके देत जोडावा लागतो. सलग वेल्डिंग केल्यास उष्णतेने पत्रा वाकतो.

मग काय व्हावे?
मूळ आकाराचा, मूळ जागी बसवलेला पत्रा ही दुरुस्तीच. नियमात तसे स्पष्ट लिहावे. मालकांनीही कापण्यापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे जपावीत. नाहीतर रंगाखाली गंज झाकणाऱ्याचीच गाडी ‘मूळ’ ठरेल आणि प्रामाणिकपणे दुरुस्त करणारा अडकेल.