गोळीचे नाव आणि यकृताचा हिशेब

दिल्ली आणि परिसरात पावसाळा ओसरू लागला की तापाचे दिवस सुरू होतात. गणेश विसर्जनापासून दिवाळीपर्यंतच्या या काळात पहाडगंजमधील जुन्या मराठी कुटुंबांपासून नोएडा-गुरुग्राममधील नव्या सदनिकांपर्यंत क्वचितच एखादे घर तापावाचून राहते. डेंग्यूची धास्ती या शहराला नवी नाही. १९९६ च्या साथीत दिल्लीत दहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले आणि चारशेहून अधिक जणांनी प्राण गमावले. २०१५ मध्ये रुग्णसंख्या पंधरा हजारांच्या पुढे गेली. कूलरमधील साचलेले पाणी तपासण्यास महापालिकेचे कर्मचारी घरोघरी येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच घरातील औषधांचा डबा तपासण्यास कोणी येत नाही. ते काम आपले आपणच करावयास हवे, असे माझे मत आहे.

आपण औषध ओळखतो ते त्याच्या व्यापारी नावाने. शरीराला मात्र त्या नावाशी काही कर्तव्य नसते. पोटात गेलेल्या गोळीतील मूळ द्रव्य कोणते आणि त्याची मात्रा किती, एवढेच शरीर पाहते. तापावरील गोळ्या वरवर सारख्या वाटल्या, तरी त्यांच्या मूळ द्रव्यांचे गुणधर्म निरनिराळे असतात.

जंतुसंसर्ग झाला की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निर्माण होतात आणि मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्र आपली पातळी वर सरकवते. ॲस्पिरिन या द्रव्यांच्या निर्मितीत अडथळा आणते, हे जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवून दिले. पुढे १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ॲस्पिरिनचे कार्य मेंदूपुरते मर्यादित नसते. रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या रक्तबिंबिकांमधील, म्हणजे प्लेटलेट्समधील, एक विकर ते कायमचे निकामी करते. रक्तबिंबिकांना केंद्रक नसल्यामुळे त्यांना ते विकर नव्याने घडवता येत नाही. म्हणून ॲस्पिरिन स्वतः काही तासांत रक्तातून नाहीसे झाले, तरी त्याचा परिणाम त्या रक्तबिंबिकांच्या आयुष्यभर, म्हणजे आठ-दहा दिवस, टिकून राहतो. आयबुप्रोफेनचा रक्तबिंबिकांवरील परिणाम तुलनेने लवकर ओसरतो. पण जठराच्या अस्तराला आणि पाणी कमी पडलेल्या शरीरातील मूत्रपिंडांना त्याचा त्रास होऊ शकतो.

डेंग्यूत रक्तबिंबिकांची संख्या आधीच घटत असते. ज्या आहेत त्याही ॲस्पिरिनने दुर्बल केल्या, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणूनच साथीच्या दिवसांत तापाचे निदान होईपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन वा तत्सम वेदनाशामके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत आणि तापासाठी पॅरासिटामॉल वापरावे, असा वैद्यकीय सल्ला दिला जातो. हृदयविकारासाठी रोज अल्प मात्रेत ॲस्पिरिन घेणाऱ्या ज्येष्ठांनी मात्र ती गोळी परस्पर बंद करू नये. ताप येताच आपल्या डॉक्टरांना विचारावे. तो निर्णय त्यांचाच आहे.

मग पॅरासिटामॉल निर्धोक आहे काय? योग्य मात्रेत ते अत्यंत विश्वसनीय औषध आहे. त्याची महती कळली तीही शरीरातील प्रक्रियांच्या अभ्यासातूनच. ॲसिटॅनिलाइड नावाचे एक जुने ज्वरशामक १८८६ पासून वापरात होते. ते शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर मुख्यतः पॅरासिटामॉलमध्ये होते आणि गुण येतो तो त्यामुळेच, हे ब्रॉडी आणि ॲक्सलरॉड या अमेरिकी संशोधकांनी १९४८ मध्ये दाखवले. त्यानंतरच या औषधाला खरी प्रतिष्ठा लाभली.

गिळलेली गोळी लहान आतड्यातून रक्तात शोषली जाते आणि यकृतात तिची विल्हेवाट सुरू होते. बहुतांश औषधाला यकृत निरुपद्रवी रूप देते आणि ते मूत्रावाटे बाहेर पडते. दर दोन ते तीन तासांनी रक्तातील औषध निम्मे होत जाते. थोडा अंश मात्र निराळ्या मार्गाने जातो आणि त्यापासून एक विषारी द्रव्य तयार होते. यकृतातील ग्लुटाथायोन ते तत्काळ निष्प्रभ करते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर ग्लुटाथायोन ही यकृताची शिल्लक आहे. नेहमीच्या मात्रेत खर्च झालेली शिल्लक भरून येते. मात्रा बेसुमार वाढली की नेहमीचे मार्ग अपुरे पडतात, विषारी अंश वाढतो, शिल्लक संपते आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. उपवास, कुपोषण आणि नित्याचे मद्यपान यांनी ही शिल्लक आधीच घटलेली असते. डेंग्यूच्या आजारात यकृतालाही सूज येऊ शकते.

सर्वसाधारणपणे प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते. अशक्त व वृद्धांसाठी डॉक्टर ती आणखी कमी ठरवतात. तापासाठी ६५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या घेतल्या, तर २,६०० मिलिग्रॅम होतात. नाक वाहते म्हणून त्याच दिवशी सर्दीच्या तीन गोळ्या घेतल्या आणि त्या प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असले, तर बेरीज ४,१०० वर जाते. घेणाऱ्याला वाटते की आपण दोन वेगवेगळी औषधे घेतली. यकृताच्या खात्यात मात्र ती एकाच नावावर जमा होतात. मुलांची मात्रा तर वजनावर ठरते. बाजारातील काही बाटल्यांत दर ५ मिलिलिटरमागे १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर काहींत २५०. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला, तर मात्रा दुप्पट होते.

अतिमात्रेचा फसवेपणा असा की पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसे काही जाणवत नाही. यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते. ॲसिटिलसिस्टीन हा त्यावरील उतारा पहिल्या आठ तासांत दिला गेल्यास सर्वाधिक गुणकारी ठरतो. तेव्हा मात्रा चुकल्याची शंका येताच लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

औषधाचे मूळ नाव व्यापारी नावापेक्षा ठळक छापण्याचा नियम २०१८ मध्ये आपल्या देशात आला. मात्र तीन वा अधिक औषधांच्या मिश्रणांना त्यातून वगळण्यात आले. सर्दीतापाच्या बहुतेक गोळ्या नेमक्या अशाच मिश्रणांच्या असतात. जेथे घोटाळ्याची शक्यता सर्वाधिक, तेथेच अक्षरे बारीक राहावीत, हे मला मान्य नाही. ही सवलत काढून घ्यावी, निदान पॅरासिटामॉल असलेल्या प्रत्येक मिश्रणावर तसे ठळकपणे आणि भारतीय भाषांतही लिहावे. निवासी संस्था डासांविषयी सूचनाफलक लावतातच. त्यावर तापाच्या औषधांविषयी दोन ओळी लिहिण्यास खर्च येत नाही.

औषधाचा काही विपरीत परिणाम जाणवला, तर त्याची नोंद सामान्य नागरिकालाही करता येते. भारतीय औषधसंहिता आयोगाचे कार्यालय गाझियाबादेत, म्हणजे आपल्या शेजारीच आहे आणि देशभरातील अशा नोंदींचे राष्ट्रीय केंद्र २०११ पासून तेथेच चालते. आपली एक नोंद पुढील रुग्णाच्या उपयोगी पडू शकते.

ताप उतरला म्हणजे आजार गेला, असेही समजू नये. डेंग्यूत धोक्याचा काळ पुष्कळदा ताप उतरू लागल्यावरच येतो. तीव्र पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, विलक्षण ग्लानी यांपैकी काहीही दिसल्यास घरच्या डब्यावर विसंबू नये.

पासबुकातील प्रत्येक नोंद आपण डोळ्यांत तेल घालून तपासतो. ताप आलेल्या माणसाच्या उशाशी एक कागद ठेवावा आणि त्यावर औषधाचे मूळ नाव, मात्रा व वेळ लिहीत जावी. डॉक्टरांपुढे तो कागद ठेवला की त्यांचेही काम सुकर होते.