वॉटरपोलोत भारताची पाटी कोरी नाही

संपादक महोदय,

‘वॉटरपोलोत भारताने आजवर काहीच कमावले नाही’ हे आपल्या लेखातील विधान साफ चुकीचे आहे. १९५१च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत या खेळाचे सुवर्ण आपलेच होते. १९७०ला बँकॉकमध्ये रौप्य, १९८२ला पुन्हा दिल्लीत कांस्य. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपण चिलीला हरवले. त्या संघातल्या सचिन नाग यांनीच १९५१ला शंभर मीटर फ्रीस्टाइल जिंकली.

१९५२नंतर ऑलिम्पिक गाठता आले नाही, एवढे खरे. पण लेखात म्हटल्याप्रमाणे त्याला ‘शरीरयष्टी’ कारण कशी? तळाला पाय न टेकता, एका हाताने चेंडू झेलत आठ-आठ मिनिटांची चार सत्रे खेळायला खोल तलाव आणि रोजचा सराव लागतो. ते दोन्ही किती मुलांना मिळते, हे लेखकाने आधी पाहावे.

— एक जलतरणप्रेमी, दादर, मुंबई