घरची शाळा आणि कायदा

नोकरीनिमित्त बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत स्थिरावलेल्या एखाद्या मराठी कुटुंबास आपल्या मुलाला घरीच शिकवावेसे वाटते. हा विचार गैर नाही. परंतु १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या बालकास शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले आहे. ते न पाळणाऱ्या पालकांस या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. म्हणून कर्तव्य संपत नाही. शिक्षण हा बालकाचा हक्क आहे, पालकांच्या हौसेचा विषय नव्हे. चौदाव्या वर्षानंतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत माध्यमिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो. घरी शिकविणाऱ्यांनी निदान तो मार्ग आधीपासून आखावा. घरात मिळविलेल्या ज्ञानाला उंबरठ्याबाहेर प्रमाणपत्राचीच ओळख लागते. ती नसेल, तर निर्णय पालकांचा आणि नुकसान मात्र मुलाचे होते.