विश्लेषण : क्लाउडवरील खात्यांना ‘दुसरे कुलूप’ सक्तीचे का हवे?

कार्डवर दोनशे रुपयांची ऑनलाइन खरेदी केली, तरी मोबाइलवर ओटीपी येतो. अशा व्यवहारांसाठी कार्डवरील माहितीखेरीज आणखी एक पडताळणी रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच बंधनकारक केली. सुरुवातीला ग्राहकांना ती कटकट वाटली, आता ओटीपी आला नाही तर चुकल्यासारखे वाटते. मात्र ज्या क्लाउड खात्यात व्यवसायाची बिले, ग्राहकांचे पत्ते, पगारपत्रके आणि करारांच्या प्रती असतात, ते खाते अनेक कार्यालयांत अजूनही नुसत्या पासवर्डवर उघडते. त्याची किंमत किती मोठी असू शकते, हे २०२४ मध्ये अमेरिकेतील बड्या कंपन्यांना कळून चुकले.

‘स्नोफ्लेक’ प्रकरणात काय घडले?

स्नोफ्लेक ही अमेरिकी कंपनी इतर कंपन्यांचा डेटा क्लाउडवर साठवण्याची सेवा देते. २०२४ मध्ये तिच्या ग्राहक कंपन्यांच्या खात्यांतून मोठ्या प्रमाणावर डेटा चोरीला गेला. त्यात तिकीटविक्री करणारी ‘तिकीटमास्टर’ होती आणि दूरसंचार कंपनी ‘एटी अँड टी’ही होती. एटी अँड टीच्या जवळपास सर्व मोबाइल ग्राहकांच्या २०२२ मधील काही महिन्यांच्या कॉल व मेसेजच्या नोंदी चोरांच्या हाती लागल्या. तपास करणाऱ्या ‘मँडियंट’ या सायबर सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार सुमारे १६५ संस्थांचा डेटा धोक्यात आला होता.

स्नोफ्लेकची मूळ यंत्रणा कोणी फोडल्याचा पुरावा तपासात मिळाला नाही. चोरांनी पासवर्ड टाकून सरळ लॉगिन केले होते. हे पासवर्ड कर्मचारी आणि कंत्राटदारांच्या संगणकांत शिरलेल्या मालवेअरने आधीच पळवले होते. त्यातील काही तर २०२० पासूनचे होते आणि तरीही चालत होते. काही कंत्राटदार कामाच्याच लॅपटॉपवर गेम आणि पायरेटेड सॉफ्टवेअर उतरवत होते. फटका बसलेल्या या खात्यांवर द्विस्तरीय पडताळणी सुरू नव्हती.

ही सोय स्नोफ्लेककडे नव्हती असे नाही. ती सुरू करायची की नाही, हे वापरकर्त्यावर सोडले होते. कंपनीच्या अ‍ॅडमिनला सर्वांवर सक्ती करण्याची सुविधा जुलै २०२४ मध्ये, म्हणजे चोरी उघड झाल्यावर मिळाली.

दुसरे कुलूप कसे काम करते?

पासवर्ड म्हणजे माणसाला माहीत असलेली गोष्ट. ती चोरता येते, अंदाजाने ओळखता येते, दुसऱ्याला सांगताही येते. द्विस्तरीय पडताळणीत त्याच्या जोडीला माणसाजवळ असलेली वस्तू लागते. बहुतेक वेळा ती त्याचा मोबाइल असते.

ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये सुरुवातीला क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठवली जाते आणि तीच सेवा देणाऱ्या कंपनीकडेही असते. ही किल्ली आणि त्या क्षणाची वेळ यांच्या गणितातून सहसा सहा आकडी कोड तयार होतो आणि तो दर ३० सेकंदांनी बदलतो. दोन्हीकडचा कोड जुळला की दार उघडते. यासाठी फोनला रेंज किंवा इंटरनेट लागत नाही.

सर्व प्रकार सारखेच सुरक्षित आहेत का?

नाही. एसएमएसवरचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा चांगला. पण फसवणूक करून दुसऱ्याच्या नंबरचे सिम मिळवणारे तो वळवू शकतात. अ‍ॅपचा कोड त्याहून बरा, तरी बनावट लॉगिन पानावर तो टाकला तर चोर लगेच खऱ्या पानावर वापरतो. ‘मंजूर करा’ अशी सूचना पाठवणाऱ्या पद्धतीत माणसाला वैतागून सोडता येते. २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटदाराला अशा सूचना पुन्हा पुन्हा पाठवण्यात आल्या. शेवटी त्याने एक मंजूर केली आणि हल्लेखोर आत शिरला.

सर्वांत भरवशाची आहे ती हार्डवेअर सिक्युरिटी की किंवा पासकी. ती खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे बनावट पानावर चालतच नाही. २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअरच्या तीन कर्मचाऱ्यांनी बनावट पानावर पासवर्ड टाकला होता. पण लॉगिनसाठी ही की आवश्यक असल्याने चोरांना आत जाता आले नाही.

सुरुवात कुठून करावी?

पहिले कुलूप अ‍ॅडमिन खात्यांना, दुसरे ईमेलला. कारण इतर बहुतेक सेवांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक ईमेलवरच येतात. त्यानंतर हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि फाइल साठवण्याच्या सेवा. एकच आयडी मालक, अकाउंटंट आणि बाहेरचा संगणक दुरुस्तीवाला असे तिघे वापरत असतील, तर कोड कोणाच्या फोनवर यावा हा प्रश्न येतो आणि सोय बंदच राहते. म्हणून प्रत्येकाचे स्वतंत्र खाते हवे. फोन हरवला तर काय, याचे उत्तरही आधीच ठरवावे : बॅकअप कोड छापून कपाटात कुलूपबंद ठेवावेत आणि दुसरा एक अ‍ॅडमिन नेमावा. अ‍ॅपसाठी पैसे मोजावे लागत नाहीत. ओळखीच्या संगणकावर दर वेळी कोड मागू नये, अशी व्यवस्थाही बऱ्याच सेवांत असते.

सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांची आणि चाचणीसाठी उघडलेली खाती आधी बंद करावीत. जानेवारी २०२४ मध्ये उघड झालेल्या हल्ल्यात मायक्रोसॉफ्टच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे ईमेल वाचले गेले. तिथेही चोरांचा शिरकाव द्विस्तरीय पडताळणी नसलेल्या एका जुन्या चाचणी खात्यातून झाला होता.

सक्तीच का?

ऐच्छिक ठेवले की काळजी घेणारे ते वापरतात आणि बाकीचे ‘नंतर करू’ म्हणून सोडून देतात. चोराला मात्र सोडून दिलेले एकच खाते पुरते. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या ‘अझूर’ क्लाउडच्या अ‍ॅडमिन पोर्टलसाठी ही पडताळणी टप्प्याटप्प्याने बंधनकारक केली, ती याच अनुभवातून.

भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, डेटाच्या सुरक्षेची वाजवी खबरदारी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाच्या धाकापेक्षा साधा व्यवहार महत्त्वाचा आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेला पत्ता आणि फोन नंबर सांभाळणे ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे. ती कर्मचाऱ्यांच्या मर्जीवर सोडता येत नाही. बहुतांश व्यावसायिक क्लाउड सेवांच्या सेटिंगमध्ये ‘सर्वांसाठी अनिवार्य’ हा पर्याय आता उपलब्ध आहे. तो सुरू करण्याचा निर्णय मालकाने किंवा व्यवस्थापकाने स्वतः घ्यायला हवा.