घर कुठे घ्यायचं? शिरूर, दौंड आणि आपला हिशोब

बीड, धाराशिव, लातूर, अहिल्यानगर, सोलापूर. या जिल्ह्यांतून पुण्याकडे येणाऱ्या आपल्या तरुणांची गोष्ट बहुतेक वेळा सारखीच असते. आधी मुलगा एकटा येतो. कॉट बेसिसवर राहतो, मेसचा डबा खातो, गॅरेजमध्ये, कंपनीत किंवा डिलिव्हरीच्या कामाला लागतो. दोन-तीन वर्षांनी लग्न होतं, अम्मी-अब्बा थकतात, लहान बहिणीचं बारावीनंतरचं शिक्षण समोर येतं. मग अख्खं कुटुंब आणायचं ठरतं. हडपसर आणि कोंढव्याचं भाडं ऐकलं की नजर शहराबाहेर जाते. अहिल्यानगर रस्त्याने गेलं तर शिरूर, सोलापूरच्या रेल्वेमार्गाने गेलं तर दौंड. दोन्ही गावं पुण्यापासून 65 ते 75 किलोमीटरवर आहेत.

ही निवड आपण तीन गोष्टींवर करतो: भाडं किती, नातेवाईक कोण राहतात आणि आपली वस्ती आहे का. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण माझ्या मते ते पुरेसे नाहीत. कमावता पुरुष कुठूनही कामावर पोहोचतोच. पहाटे उठेल, मोटरसायकलवर जाईल, दारात लटकेल. घरातल्या ज्या व्यक्तीला बाहेर पडायची मोकळीक सगळ्यात कमी आहे, ती व्यक्ती त्या गावातून कुठवर जाऊ शकते, हा चौथा प्रश्न आहे. माझ्या मते तो पहिला असायला हवा.

दोन गावं, दोन स्वभाव

शिरूर म्हणजे घोडनदी. जुनी माणसं अजून हेच नाव घेतात. घोड नदीच्या काठी इंग्रजांची छावणी होती आणि 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईसाठी कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली होती. आजच्या शिरूरचं पोट मात्र रस्त्यावर आणि कारखान्यांवर आहे. रांजणगावची एमआयडीसी इथून जवळ आहे. त्याच रस्त्यावर पुढे शिक्रापूर, सणसवाडी आणि कोरेगाव भीमाचे कारखाने लागतात. तुमचं काम या पट्ट्यात असेल तर शिरूर सोयीचं आहे, कारण सकाळी पुण्याच्या गर्दीच्या उलट बाजूने तुम्ही निघता. काम खराडी, येरवडा किंवा पुणे स्टेशनला असेल, तर मात्र रोज वाघोलीची कोंडी पार करावी लागेल. रेल्वे नाही. एसटी, कंपनीची बस किंवा स्वतःची गाडी, एवढेच मार्ग.

दौंड हे रेल्वेनं घडवलेलं गाव आहे. 1878 मध्ये मनमाडचा मार्ग दौंडला येऊन मिळाला आणि हे जंक्शन झालं. एका बाजूला पुणे, दुसऱ्या बाजूला सोलापूर, तिसऱ्या बाजूला अहिल्यानगर-मनमाड आणि शिवाय बारामतीचा फाटा. रेल्वेची नोकरी, राज्य राखीव पोलीस दलाचे गट आणि जवळची कुरकुंभ एमआयडीसी यांमुळे इथे निरनिराळ्या प्रांतांतले, धर्मांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. 2017 मध्ये पुणे-दौंड मार्गाचं विद्युतीकरण झालं. 2024 मध्ये दौंड स्थानक सोलापूर विभागातून पुणे विभागात आलं. पण लोणावळ्यासारखी नियमित लोकल दौंडला मिळावी, ही प्रवाशांची मागणी वर्षानुवर्षं तशीच आहे. सकाळची एक गाडी चुकली की अर्धा दिवस गेला, हे तिथला प्रत्येक पासधारक सांगेल.

पाणी आणि हवेचाही विचार करा. पुण्याचं सांडपाणी घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते आणि तीच भीमा पुढे दौंडच्या कडेने वाहते. कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत. घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. एखाद्या दिवशी रात्री जा, वास घ्या. शेजारणीला विचारा, नळाला पाणी किती दिवसांनी येतं आणि टँकर कोण देतो.

आणखी एक सावधगिरी. घोषणा बघून घर घेऊ नका. रामवाडीपर्यंतची मेट्रो 2024 मध्ये सुरू झाली आणि पुढे वाघोलीपर्यंतच्या विस्ताराला केंद्राने जून 2025 मध्ये मंजुरी दिली. पुणे-शिरूर उन्नत मार्गाचीही चर्चा आहे. प्लॉटवाल्याच्या पत्रकात हे सगळं आजच झाल्यासारखं छापलेलं असतं. तुमची बहीण उद्या सकाळी कॉलेजला कशी जाणार, हा हिशोब आज धावणाऱ्या गाड्यांवरच करायचा.

मुलीच्या पासचा प्रश्न

शिरूरला बोरा महाविद्यालय आहे, दौंडला कटारिया महाविद्यालय आहे. पदवीपर्यंत मुलगी गावातच शिकू शकते. खरी अडचण त्यापुढे किंवा त्याऐवजी येते: फार्मसी, इंजिनिअरिंग, नर्सिंग, कायदा, सीए. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झालं. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. म्हणजे फीचं कारण बरंच कमी झालं. आता अडतं ते अंतरावर. “एवढ्या लांब रोज कशी जाईल?” या एका वाक्यावर आपल्या किती मुलींचं शिक्षण थांबतं, हे प्रत्येकाने आपल्याच खानदानात मोजून पाहावं.

इथे दौंडचं पारडं जड आहे. मासिक पास परवडतो, महिलांचा डबा असतो, रोजच्या ओळखीच्या बायका असतात. परत येणारी शेवटची गाडी किती वाजताची, हे घरच्यांना माहीत असतं. शिरूरची बाजूही रिकामी नाही. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना मोफत पासाची योजना आहे आणि एसटीचा आगार गावातच आहे. पण रस्ता तुंबला तर संध्याकाळी सातला येणारी मुलगी नऊला येते. असं चार वेळा झालं की घरातलं कुणीतरी शिक्षण बंद करा म्हणतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरात शिकणारी मुलगी असेल आणि तिला पुण्याला जायचं असेल, तर थोडं जास्त भाडं देऊन का होईना, दौंडला स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर घ्या. दौंडच्या अलीकडची केडगाव, यवत, उरुळी ही स्थानकंही बघा. पुण्याच्या जितकं जवळ, तितका रोजचा तास वाचतो. कमावत्याचं काम रांजणगावला असेल आणि मुलं प्राथमिक शाळेत असतील, तर शिरूर घ्या.

‘आपली वस्ती’

आता नाजूक मुद्दा. बहुतेक घरांत वडीलधारी माणसं एकच अट घालतात: आपल्या लोकांत राहायचं. ही भीती काल्पनिक आहे, असं कुणी म्हणू नये. 1 ऑगस्ट 2025 रोजी दौंड तालुक्यातल्या यवतमध्ये सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून हिंसाचार झाला, जमावबंदी लागली. शिरूरच्या रस्त्यावर 1 जानेवारी 2018 ला दलित बांधवांवर काय ओढवलं, तेही आपण पाहिलं आहे. शिवाय आडनाव ऐकून घर नाकारणारे भेटतातच. दलालाला नाव पहिल्याच फोनवर सांगावं. निदान चकरा वाचतात.

पण मुंब्र्याचाही विचार करा. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो कुटुंबं जीव वाचवायला तिथे गेली. त्यांना कुणी दोष देऊ शकत नाही. पण एका धर्माची वस्ती म्हणून शिक्का बसल्यावर पाणी, वीज, रस्ते आणि बँकेचं कर्ज या प्रत्येक गोष्टीसाठी त्यांना किती झगडावं लागलं, हेही खरं आहे. गर्दीने भरलेल्या लोकलमधून मुंब्र्याजवळ 9 जून 2025 ला माणसं पडून मेली. सुरक्षिततेसाठी घेतलेलं घर रोजच्या प्रवासात असुरक्षित ठरू शकतं.

शिरूर आणि दौंड ही अजून लहान गावं आहेत. इथे मुस्लिम, दलित, मराठा, माळी, मारवाडी, ख्रिश्चन यांच्या गल्ल्या एकमेकींना चिकटून आहेत. एकाच वाण्याकडून किराणा येतो, एकाच डॉक्टरकडे मुलं जातात. नव्याने येणाऱ्यांनी गावाबाहेर फक्त आपलीच एक कॉलनी उभी केली, तर हे नातं तुटेल आणि सोयी यायला वीस वर्षं लागतील. मशीद आणि मकतब जवळ असावं, गल्लीत चार घरं आपली असावीत, हे मला मान्य आहे. पण अख्खी गल्ली आपलीच असावी हा हट्ट नको. अफवा पसरते त्या रात्री ती खोटी आहे हे फोनवर सांगणारा शेजारी पलीकडच्या समाजातलाच असावा लागतो. तो ओळखीचा व्हायला वर्षं जातात आणि ती वर्षं शेजारी राहूनच जातात. हिजरतीनंतर मदिनेत वेगवेगळ्या जमातींशी आणि धर्मांच्या लोकांशी करार करूनच शहर उभं राहिलं, हे आपण मुलांना शिकवतो. मग स्वतः घर घेताना का विसरतो?

कागद आधी, बयाणा नंतर

आपली फसवणूक सगळ्यात जास्त प्लॉटमध्ये होते. “एक गुंठा, सुलभ हप्ते, पाचशेच्या स्टँपवर करार” ही जाहिरात दोन्ही रस्त्यांवर दिसेल. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकत घेता येत नाही, आणि आपली बहुतेक स्थलांतरित कुटुंबं भूमिहीन आहेत. तुकडेबंदी कायद्यात जिरायतीसाठी 20 गुंठे आणि बागायतीसाठी 10 गुंठे ही सर्वसाधारण मर्यादा आहे. त्याखालच्या शेतीच्या तुकड्याचं खरेदीखत नोंदवताना अडचण येते. नोटरी केलेल्या कागदाने मालकी मिळत नाही. बिगरशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि सातबारावरचे फेरफार बघा. प्रकल्पाची जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त किंवा प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. तो नसेल तर उठून या.

व्याज नको म्हणून आपल्यातले अनेकजण बँकेचं कर्ज घेत नाहीत. तो ज्याचा त्याचा निर्णय आहे. पण कर्ज घेतलं की बँकेचा वकील जमिनीचा इतिहास तपासतो, आणि रोखीने घेणाऱ्याकडे ही तपासणी कुणीच करत नाही. म्हणून रोखीने घेणार असाल तर स्वतः वकील लावून तीस वर्षांचा शोध अहवाल काढा. त्या फीला घाबरून आयुष्याची बचत घालवू नका. भाड्याने राहणार असाल तर भाडेकरार नोंदणीकृतच करा. कायद्याने ती मालकाची जबाबदारी आहे आणि तोच कागद तुमचा पत्त्याचा पुरावा होतो.

मूळ गाव सोडताना जुने कागद टाकून देऊ नका. ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचं वास्तव्य आणि जात दाखवावी लागते, आणि तो दाखला मूळ जिल्ह्यातूनच निघतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा, जन्म-मृत्यूची नोंद यांच्या प्रमाणित प्रती निघण्याआधीच काढून ठेवा. मुलीची फी माफ होते की नाही, हे त्या एका पिवळ्या कागदावर ठरू शकतं.

गावाचं व्हायचं

गाव निवडल्यावर पहिल्या सहा महिन्यांत दोन कामं करा. मतदार यादीतलं नाव फॉर्म 8 भरून नव्या पत्त्यावर आणा. डिसेंबर 2025 मध्ये जिल्ह्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, आणि शिरूर-दौंडला राहून मत मात्र बीड-लातूरच्या यादीत असणाऱ्यांना नगरसेवक कशाला विचारेल? दुसरं, जमातीत नाव नोंदवा आणि कब्रस्तानचा नियम विचारून घ्या. हा प्रश्न कुणी घर घेताना विचारत नाही. ज्या दिवशी तो उभा राहतो, त्या दिवशी विचारायची ताकद नसते.

आणि शिरूर-दौंडमध्ये आधीपासून राहणाऱ्यांना एक विनंती. बाहेरून आलेल्यांना ‘मराठवाड्याचे’ म्हणून बाजूला ठेवू नका, बिरादरी विचारून घर देऊ नका, आपलाच आहे म्हणून दुप्पट डिपॉझिट घेऊ नका. दुसऱ्यांनी आपल्याला घर नाकारलं की आपण भेदभाव म्हणतो. तोच शब्द आपल्यालाही लागू होतो. प्रत्येक जमातीतल्या दोन-तीन तरुणांनी एवढं जरी केलं, की नव्या कुटुंबाला कोणत्या शाळेत प्रवेश शिल्लक आहेत, कुठला वकील कागद नीट तपासतो आणि सकाळची कोणती गाडी मुलींसाठी बरी आहे हे सांगायचं, तरी अनेक घरं चुकीच्या प्लॉटपासून आणि अनेक मुली अर्धवट शिक्षणापासून वाचतील.

या सुट्टीत घर बघायला निघाला असाल, तर बहिणीला सोबत न्या. ज्या वेळी तिला कॉलेजला निघावं लागेल, त्या वेळी तिच्याबरोबर स्टेशन किंवा स्टँडपर्यंत चालत जा आणि पुण्यापर्यंत प्रवास करा. संध्याकाळी त्याच रस्त्याने परत या. मग तिला विचारा, जमेल का? ती हो म्हणाली तरच बयाणा द्या.