विश्वचषकाचे दार किती रुंद असावे?

शिरूरहून एसटीने किंवा दौंडहून रेल्वेने पुण्यास येणाऱ्यांना स्वारगेटजवळचे नेहरू स्टेडियम परिचित आहे. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषकातील एक सामना तेथे झाला. केनियाच्या १६६ धावांना उत्तर देताना वेस्ट इंडिजचा संघ ९३ धावांत आटोपला. आणि त्या संघात लारा होता, रिचर्डसन होता! केनियाचा कर्णधार मॉरिस ओडुम्बे याने १५ धावांत ३ बळी घेतले.

हा पराक्रम घडला, कारण स्पर्धेच्या रचनेने केनियास आत येऊ दिले होते. त्या वर्षी १२ संघ सहा-सहाच्या दोन गटांत खेळले आणि प्रत्येक गटातील चौघे उपांत्यपूर्व फेरीत गेले. ही उदारता जुनीच होती. १९७५ च्या पहिल्या स्पर्धेतील ८ संघांत श्रीलंका आणि पूर्व आफ्रिका हे कसोटी दर्जा नसलेले दोन संघ होते. याच श्रीलंकेने १९७९ मध्ये भारताला हरवले, १९८१ मध्ये कसोटी दर्जा मिळवला आणि १९९६ मध्ये चषकच उचलला.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पुण्याच्या विजयानंतर आठवड्याच्या आत, कँडी येथे श्रीलंकेने त्याच केनियाविरुद्ध ३९८ धावा कुटल्या. असे एकतर्फी सामने कंटाळवाणे होतात, हे मान्य.

परंतु २००७ मध्ये १६ संघांच्या स्पर्धेत बांगलादेशाने भारताला व आयर्लंडने पाकिस्तानला हरवले, दोन्ही बलाढ्य संघ पहिल्याच फेरीत घरी परतले, आणि माझ्या मते संयोजकांच्या मनात खरी धास्ती तेथे बसली. २०१९ व २०२३ मध्ये १० च संघ उरले. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे, म्हणजे भारताचे किमान ९ सामने निश्चित! आपल्याकडच्या गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांतही प्रवेश फी भरणाऱ्या नवख्या संघाला निदान एक सामना मिळतो.

गंमत अशी, की अरुंद केलेल्या त्या दारातून २०२३ मध्ये वेस्ट इंडिजलाच आत येता आले नाही. त्याच स्पर्धेत, ३० ऑक्टोबरला, पुण्याजवळील गहुंजे येथे अफगाणिस्तानाने श्रीलंकेला ७ गडी राखून हरवले. २०२७ साठी १४ संघ ठरले आहेत.